मिरजेतली लेन्को आणि घसरणारा सूर

तक्रार एका वाक्याची होती. "सकाळी गाणारा बसका लागतो, दुपारी सावरतो आणि संध्याकाळी दिवे लागले की परत उतरतो." फोनवर बोलत होत्या त्या ताई मिरजेच्या. शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. 'उतरतो' म्हणजे किती, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पेटीवर शोधायला गेलं तर दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसतो. ना काळीवर, ना पांढरीवर."

रेकॉर्ड प्लेअर त्यांच्या मामांचा. मामा डॉक्टर होते. इंग्लंडातली नोकरी संपवून १९७३ साली परतताना त्यांनी तो सोबत आणला. मामांच्या पश्चात तो भाचीकडे आला आणि त्याच्याबरोबर एका लाकडी खोक्यात ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, साठ जुन्या तबकड्या आणि चाळीसेक एलपीही आल्या. माझ्याआधी दोघांनी तो पाहिला होता. एकाने मोटर गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या म्हणून. नवीन घ्यायलाही ताई तयार होत्या. पण दुकानात दाखवलेल्या बहुतेक प्लेअरांवर ३३ आणि ४५ एवढेच वेग होते. ज्या सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर ७८ होता, त्यावर ते खोकं उघडायला त्यांचा जीव होत नव्हता.

मी कोल्हापूरहून डिसेंबरच्या एका सकाळी लवकर निघून गेलो. सकाळचा बसका सूर मला सकाळीच ऐकायचा होता.

यंत्र

खोलीतल्या कोनाड्यात गोल्डरिंग-लेन्को जीएल-७५ होती. लेन्को ही मूळ स्वित्झर्लंडची कंपनी. बर्गडॉर्फ गावात १९४६ साली फ्रिट्झ आणि मारी लेंग या दांपत्याने ती काढली. तिचं एल-७५ हे मॉडेल साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि ब्रिटनमध्ये गोल्डरिंग या कंपनीच्या नावासह विकलं गेलं. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसांबरोबर आपल्याकडे जी आली ती बहुतेक या जोडनावाची.

या यंत्राची पहिली ओळख हाताला होते. वरची रबरी चटई काढून थाळी उचलायला गेलं की मनगट चमकतं. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव थाळी, एकतीस सेंटिमीटर व्यासाची आणि वजनाला सुमारे चार किलो. उलटी केली की काठाच्या खालच्या बाजूला ड्रिलची उथळ भोकं दिसतात. मोटारगाडीचं चाक बॅलन्स करताना शिशाचे तुकडे लावतात, इथे जड बाजूचा धातू काढून तोल साधलाय. कारखान्यात कुणीतरी प्रत्येक थाळी फिरवून पाहिली होती, याची खूण.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग बदलायची रीत. बहुतेक जुन्या आयडलर यंत्रांत, म्हणजे मोटर आणि थाळीच्या मध्ये रबरी चाक असलेल्या यंत्रांत, मोटरच्या अक्षावर पायऱ्या असतात, प्रत्येक वेगाला एक पायरी. गॅरार्ड कंपनीच्या ३०१ आणि ४०१ अशाच, फार उत्तम यंत्रं, आणि त्यांत प्रत्येक वेगाभोवती थोडं कमीजास्त करायची सोयही आहे. लेन्कोने पायऱ्याच ठेवल्या नाहीत. मोटर आडवी टांगलेली, तिचा अक्ष गाजरासारखा निमुळता. त्यावर रबरी काठाचं एक उभं चाक टेकतं आणि तेच चाक थाळीच्या पोटाला लागून तिला फिरवतं. वेगाची दांडी सरकवली की चाक निमुळत्या अक्षावर पुढेमागे जातं. जाड भागावर गेलं की वेग वाढतो, बारीक भागावर आलं की कमी होतो. १६, ३३, ४५ आणि ७८ या ठिकाणी दांडी अडकायला खाचा आहेत, पण त्या केवळ सोयीसाठी. मधल्या कुठल्याही जागी दांडी थांबवली तरी थाळी त्या वेगाने फिरत राहते. खाचांची जागाही स्क्रू सैल करून हलवता येते. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर लावलेलं पायऱ्यांचं यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद चालतं आणि त्याची पुली बदलावी लागते. इथे चार स्क्रू फिरवले की भागतं.

या एका सोयीसाठी मी हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहितोय. ती ताईंच्या किती कामाची ठरणार होती हे मात्र त्या सकाळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ट्यूबलाइटखाली

वेग मोजायला मी कागदी स्ट्रोब तबकडी नेली होती. तिच्यावर काळ्यापांढऱ्या रेघांची वर्तुळं असतात. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो. तेवढ्या वेळात थाळी बरोबर एक रेघ पुढे गेली की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. ३३⅓ साठी १८० रेघा लागतात, ७८ साठी ७७. सत्त्याहत्तर रेघांचं गणित मांडलं तर वेग ७७.९२ येतो, नेमका ७८ येत नाही, पण एवढा फरक कानाला कळत नाही.

ताईंच्या खोलीत एलईडी दिवे होते. चांगला एलईडी लुकलुकत नाही, त्यामुळे त्याखाली रेघांचा नुसता धूसर पट्टा दिसतो. मग लक्षात आलं, देवघरात जुनी चोकवाली ट्यूबलाइट आहे. प्लेअर उचलून देवघरात नेला. चोकवाली ट्यूब या कामाला उत्तम.

रेघा मागे पळत होत्या. इथे एक सोपं गणित उपयोगी पडतं. दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो, म्हणून सेकंदाला एक रेघ मागे सरकली तर वेग एक टक्क्याने कमी. कुठलाही वेग असो, हिशेब तोच. सकाळी सव्वाआठला घड्याळ लावून मोजलं. दहा सेकंदांत तीस रेघा. म्हणजे तीन टक्के मंद, ७८ ऐवजी साधारण ७५.७. एक पूर्ण अर्धस्वर म्हणजे जवळजवळ सहा टक्के, तेव्हा तीन टक्के म्हणजे त्याच्याही निम्मा. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. ताईंचा कान आणि रेघा एकच सांगत होत्या.

प्लेअर चालू ठेवूनच आम्ही चहा घेतला. अर्ध्या तासाने दोन टक्के. दुपारी बारा वाजता एकाहून कमी. संध्याकाळी सात वाजता परत दीड टक्का मंद, आणि या वेळी रेघा एका चालीने मागे न जाता मधेच थबकायच्या, मधेच धावायच्या. मल्टिमीटर लावला तर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये १९६ व्होल्ट. दुपारी तिथेच २३२ होते.

एकाच तक्रारीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. संध्याकाळची पटकन कळण्यासारखी. ही मोटर इंडक्शन जातीची. अशी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या मागे थोडी रेंगाळत चालते, आणि व्होल्टेज घसरलं, त्यात वर ओझंही असलं, की जास्तच रेंगाळते. सकाळचं कारण अजून कळायचं होतं, कारण सकाळी व्होल्टेज भरपूर होतं. 'मोटर गेली' हे निदान मात्र तेव्हाच बाद झालं. गेलेली मोटर दुपारी बरी होत नाही.

थाळीखाली

थाळी काढून तिचा मुख्य अक्ष बुशमधून, म्हणजे तो ज्या नळीत फिरतो तिच्यातून, उपसला तेव्हा उत्तर बोटांना लागलं. पिवळट, साबणासारखा थर. वास घेतला आणि मी ताईंकडे पाहिलं. त्या ओशाळल्या. "आईनं घातलं असेल. शिलाई मशीनमध्ये पण आमच्याकडे तेच जायचं." खोबरेल होतं.

खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठायला लागतं. डिसेंबरातली मिरजेची सकाळ त्याहून बरीच गार असते. म्हणजे चार किलोची थाळी रोज सकाळी गोठलेल्या तेलात उभी राहायची आणि मोटर तिला त्यातून ओढत न्यायची. घर्षणाने आणि दुपारच्या उन्हाने तेल पातळ झालं की वेग सावरायचा. वर वर्षानुवर्षांचा चिकट राळेसारखा थर होताच. ताईंच्या आईंना मी दोष देणार नाही. त्यांनी तेल घातलं म्हणून बुश कोरडा पडून खरवडला गेला नाही. अक्ष स्पिरिटने पुसल्यावर आरशासारखा निघाला, ब्राँझच्या बुशमध्ये एकही ओरखडा नव्हता. पन्नास वर्षांच्या वापरानंतर थाळी हलवून पाहिली तरी बाजूला खेळ जाणवत नव्हता. बांधणी चांगली म्हणजे काय, हे मला अशा ठिकाणी दिसतं. वरच्या चकचकीत पत्र्यावरून ते कळत नाही.

साफ करून हलकं खनिज तेल घातलं, एसएई २० जातीचं, मोजून काही थेंब. रबरी चाक बाजूला ठेवून थाळी हाताने फिरवली. आधी ती चाळीस सेकंदांत थांबत होती, आता अडीच मिनिटं फिरत राहिली. मोटरच्या दोन्ही बाजूंच्या बुशमध्येही तेच तेल होतं, तिलाही तीच आंघोळ. स्विचवरचा ठिणगी दाबणारा कपॅसिटर फुगला होता, तो बदलला.

रबरी चाकाची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण इथे गैरसमज फार आहेत. "चाक झिजलं, म्हणून वेग कमी झाला" असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मधल्या चाकाचा व्यास वेगाच्या गणितात येतच नाही. मोटरचा अक्ष चाकाचा काठ जितका पुढे ढकलतो, चाक थाळीला तितकंच पुढे ढकलतं. ते लहान असलं तर स्वतः जास्त वेळा फिरेल, इतकंच. वेग ठरतो तो चाक टेकतं तिथली अक्षाची जाडी आणि थाळीच्या केंद्रापासून टेकायच्या जागेचं अंतर, या दोघांवर. म्हणून असं चाक लेथवर हलकं घासून गोल करून घेता येतं, वेग बिघडत नाही. बिघाड होतो तो दोनच तऱ्हांनी: रबर कडक होऊन घसरतं, किंवा त्याला एका जागी खळगा पडतो.

ताईंच्या चाकाला खळगा होता. लेन्कोच्या दांडीने प्लेअर बंद केला की चाक थाळीपासून दूर होतं, ती व्यवस्था त्यासाठीच आहे. पण आपल्या घरांत भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय. गाणं संपलं, भिंतीवरून बंद, प्लेअरची दांडी मात्र चालूवर. अशी कित्येक वर्षं चाक थाळीखाली दाबून राहिलं आणि रबराला बसका आकार आला. एलपी लावल्यावर जी बारीक 'टक टक टक' ऐकू यायची ती याची. मी काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, अगदी बारीक पॉलिशपेपर फिरत्या चाकाला नुसता दाखवला आणि यंत्र रात्रभर तसंच चालू ठेवलं. रबर फिरून फिरून बरंचसं मूळ आकारावर आलं. टकटक पूर्ण गेली नाही, पण हेडफोन लावूनच शोधावी लागेल इतकी उरली. नवीन रबर चढवायचा मोह आवरला. जुनं मऊ होतं आणि ते मूळचं होतं.

काट्याची धार

वेगाचा प्रश्न निम्मा सुटला होता, पण तबकडीच्या शेवटाकडे आवाज फाटत होता आणि एक बाजू दबलेली होती. आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, समोरून पाहिला तर किंचित एका अंगावर कलला होता.

लेन्कोचा आर्म वरखाली हलतो तो सराफाच्या काट्यासारखा. काट्याच्या दांडीला मध्ये पोलादी धार असते आणि ती खाचेत टेकते. टेकायची जागा रेघेइतकी, म्हणून गुंजभर वजनालाही काटा हलतो. इथेही आर्मला दोन बाजूंना अशा धारा आहेत आणि त्या इंग्रजी व्ही आकाराच्या दोन खाचांत बसतात. रचना सुंदर आहे. फक्त त्या खाचा रबराच्या आहेत, साबुदाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या दोन ठोकळ्यांमध्ये कोरलेल्या. कंप आर्ममधून खाली उतरू नये म्हणून रबर घेतलं असावं आणि नवीन असताना ते काम करतही असेल. पण रबराला वय असतं. या मॉडेलच्या जवळपास प्रत्येक जुन्या यंत्रात हे ठोकळे कडक होऊन भुगा झालेले सापडतात. ताईंच्या यंत्रात एका बाजूचा ठोकळा चिमटीत येण्याआधीच विरघळल्यासारखा सांडला. धार खालच्या धातूवर टेकली होती आणि आर्म त्यामुळे कलला होता.

चार किलोची थाळी, आरशासारखा अक्ष, बॅलन्स केलेली ओतीव कडा, आणि सगळा आवाज ज्यावर तोलला जातो ते दोन कण रबराचे. माझ्या मते या यंत्राच्या बांधणीतली ही एकच मोठी चूक आहे. पत्रा पातळ आहे हे खरं, त्यावर पुढे येतो, पण पत्रा आवाज थोडा गढूळ करतो. हे ठोकळे गेले की सुई तबकडीचं नुकसान करायला लागते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक टर्नर आहेत. एरवी पंपाचे आणि इंजिनाचे भाग करतात. त्यांना तुटक्या ठोकळ्याचा शाबूत राहिलेला जोडीदार दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "करून देतो, पण जोडी एकाच कांडीतून, एकाच सेटिंगला काढायला लागणार. एक आज, एक उद्या केला तर जुळायचा नाही." डेलरिन या कडक प्लास्टिकच्या कांडीतून त्यांनी दोन जोड्या काढल्या. महत्त्वाचं ते हेच: दोन्ही खाचांचे तळ एका रेषेत यायला हवेत आणि खाच धारेपेक्षा उघडी हवी, नाहीतर धार कडांना घासते आणि काटा काटा राहत नाही. डेलरिन रबरापेक्षा कडक आहे, त्यामुळे आवाजाचा पोत किंचित बदलतो असं काहीजण मानतात. पितळेचे ठोकळेही लोक बसवतात. मला डेलरिन पटतं: ते गंजत नाही, धारेला खात नाही, आणि पुढची चाळीस वर्षं कुणाला आर्म उघडायला लागू नये.

आर्मच्या शेपटीलाही रबर होतं. वजन ज्या दांड्यावर बसतं तो दांडा रबराने वेगळा केलेला, आणि ते रबर खचून शेपटी खाली झुकली होती. ते बदलून दांडा सरळ केला. मग कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाचा, सुई बसवायचा भाग. मामांच्या कार्ट्रिजची सुई संपलेली होती. आम्ही अशी कार्ट्रिज घेतली जिच्या एकाच अंगावर एलपीची आणि ७८ची अशा दोन सुया आलटून पालटून बसतात. ही चैन समजू नये. एलपीच्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं, ७८च्या खाचेसाठी ६५ ते ७५ मायक्रॉनचं. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन भटकते. गाण्यापेक्षा तळातली धूळच जास्त ऐकू येते. ७८ची सुई एलपीवर टेकवणं तर दूरच ठेवा.

राहिला पत्रा. वरचा पत्रा दाबीव आणि पातळ आहे, बोटाने टिचकी मारली की वाजतो. यंत्र ज्यात बसतं ते मूळचं लाकडी खोकंही हलकं. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असली तरी तिची घरघर थोडी पत्र्यात उतरते. मिरजेच्या एका सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायचे चार थर चिकटवून, मधून मोटरपुरतं कोरून, वरून सागवानी पट्टी लावून नवा पाट करून घेतला. पत्रा त्यावर सगळीकडून टेकवून आवळला. टिचकीचा आवाज 'टण्ण' होता, तो 'ठप्प' झाला. मामांचं मूळ खोकं माळ्यावर कापडात बांधून ठेवलं आहे. तसं ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग तबकडीच मध्ये का बसते?

तीन आठवड्यांनी यंत्र परत मिरजेत, देवघरातल्या ट्यूबखाली. सकाळी आठ वाजता रेघा उभ्या. थाळीवरचं ओझं उतरल्यामुळे संध्याकाळी २०० व्होल्टलाही दोन सेकंदांत जेमतेम एक रेघ मागे. ताईंनी एलपी लावली, पेटी जुळवली. पट्टी नेमकी लागली. मग त्यांनी खोक्यातून एका नाट्यपदाची जुनी ७८ काढली, लावली आणि पेटीवरचा हात थांबला.

"अजून मध्येच आहे."

सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये होता. यंत्र बरोबर, वीज बरोबर, रेघा उभ्या, आणि तरीही. तक्रारीत एक तिसरा पदर होता, जो आधीच्या दोन पदरांखाली दिसत नव्हता.

७८ हा आकडा आपण लावतो तितका पक्का कधीच नव्हता. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हापासून पुढची वीसपंचवीस वर्षं गाणारा कर्ण्यात गायचा आणि मेणाची तबकडी कापणारं यंत्र घसरत्या वजनावर चालायचं, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखं. ते त्या दिवशी किती वेगाने फिरलं हे मुद्रण करणाऱ्याच्या हातावर होतं. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत इथली मुद्रणं छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची आणि छापील तबकडी इथे येईपर्यंत काही महिने गेलेले असत. काही कंपन्या लेबलवर ८० असा वेगही छापत. १९२५ नंतर विद्युत मुद्रण आलं, ते आपल्याकडेही पोचलं, आणि मग वेग बऱ्यापैकी स्थिरावला. ताईंच्या खोक्यातल्या तिशीच्या दशकातल्या तबकड्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दोन त्यांतच, ७८ वर सरळ पट्टीत लागल्या. बिघाड होता तो त्याआधीच्या, कर्ण्यातल्या तबकड्यांत. म्हणजे तो बिघाड नव्हताच. तबकडी ज्या वेगाने कापली, त्या वेगाने ती कुणी वाजवत नव्हतं.

इथे लेन्कोचा निमुळता अक्ष कामी आला. क्वार्ट्झवर चालणारी यंत्रं वेगाच्या बाबतीत लेन्कोहून कितीतरी अचूक आहेत. १९७९ ची टेक्निक्स एसएल-१२००एमके२ घ्या, मजबुतीत तिला तोड नाही. पण तिच्यावर ३३ आणि ४५, आणि त्यांच्या वरखाली आठ टक्के. या खोक्यातल्या जुन्या तबकड्यांपुढे तिचा इलाज नाही. लेन्कोची दांडी मी खाचेतून बाहेर काढली आणि ताईंच्या हातात दिली.

त्यांनी पेटीवर काळी एक धरली आणि दांडी हळूहळू मागे घेतली. साथीचा ऑर्गन पट्टीवर उतरला. स्ट्रोबवर मोजून हिशेब केला, ७५.८. मग पांढरी दोन धरून दांडी पुढे नेली. ऑर्गन तिथेही बसला, ८०.३ वर. दोन्ही उत्तरं बरोबर. ऑर्गनच्या पट्ट्या ठरलेल्या असतात म्हणून तो कुठल्या तरी पट्टीवर असणार हे कळतं, पण कुठल्या, ते तो सांगत नाही. शिवाय त्या काळची पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला बांधलेली असेलच असंही नाही.

निर्णय यंत्राने दिला नाही. ताईंनी डोळे मिटून दोन्ही वेगांवर ते पद चार-चार वेळा ऐकलं. गायकाची पट्टी त्यांनी पाहिलीच नाही, त्या 'आ'कार ऐकत होत्या. "ऐंशीवर तोंड मिटतंय," त्या म्हणाल्या. "आ म्हणताना ॲ होतोय. आणि र बघा, चिमटल्यासारखा. पंच्याहत्तरवर तोंड उघडं आहे." मला आधी कळलं नाही. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. वेग वाढवला की सुराबरोबर तोंडाच्या पोकळीचा घुमाराही वर सरकतो, आणि माणूस आहे त्याहून लहान चणीचा वाटायला लागतो. तीस वर्षं मुलांचे आकार सुधारणाऱ्या बाईंना ते पहिल्या ओळीत ऐकू आलं होतं. तबकडीच्या मधल्या भागात कोरलेला मुद्रण क्रमांक पाहिला तर त्याच्या लगतच्या क्रमांकाची आणखी एक तबकडी खोक्यात होती, म्हणजे बहुधा त्याच बैठकीतली. तीही ७५.८ वरच मोकळी झाली. मग आमचा निर्णय पक्का झाला.

दुसऱ्या खोलीतून ताईंच्या आईंनी विचारलं, "फोनो नीट झाला का गं?" ताईंनी उत्तर न देता सुई परत सुरुवातीला ठेवली.

सहा महिन्यांनी

जूनमध्ये परत गेलो. वेग तपासला, सकाळी आणि संध्याकाळी, रेघा उभ्या होत्या. बुशमध्ये दोन थेंब तेल. भिंतीवरच्या स्विचवर ताईंनी चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी दांडी'. चाकाला नवा खळगा नाही. टर्नरने केलेल्या डेलरिनच्या ठोकळ्यांची दुसरी जोडी एका औषधाच्या डबीत घालून नव्या पाटाच्या आत ठेवली आहे, पुढे कधी कुणी उघडेल त्याला सापडेल अशी. कुठल्या तेलाचे किती थेंब, याचा कागदही त्याच डबीत आहे.

एक गोष्ट मी अजून केलेली नाही. आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये बसवलेली आरआयएए दुरुस्ती, म्हणजे तबकडीच्या आवाजातला खर्ज वाढवून तार कमी करायचं ठरलेलं माप, १९५४ च्या सुमारास ठरली. कर्ण्यातल्या तबकड्यांना ती लागू नाही, त्यामुळे त्या थोड्या गुदमरलेल्या वाजतात. सध्या ताई ट्रेबल वाढवून भागवतात. त्यासाठी वेगळा प्रीअॅम्प बांधायचा आहे.

दांडीच्या शेजारी, पत्र्यावर, कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर ७२ पासून ८२ पर्यंतच्या खुणा. प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर ताई पेन्सिलीने तिचा वेग लिहितात. पेनाने नाही, कारण मत बदलू शकतं. आत्तापर्यंत तीन पाकिटांवर खाडाखोड झाली आहे. साठांपैकी एकेचाळीस झाल्या. बारा अजून ऐकायच्या आहेत. उरलेल्या सातांत साथीला नुसती सारंगी आणि तबला आहे, पेटी कुठेच नाही. त्या सात ताईंनी खोक्यात वेगळ्या, उजव्या बाजूला उभ्या करून ठेवल्या आहेत.